भाजल्या कांद्याचं पोटीस

आज सुनेनं चुलीत कांदा भाजला अन् मला माजलगावच्या उसाच्या फडातली आमची राहायची पाचटाची कोपी दिसली. ऊस तोडताना बायकोच्या पायाला कोयता लागला होता. चौथ्या दिवशी पाय टम्म सुजला, ठणका मांडीपर्यंत चढला. मी भाजल्या कांद्याचं गरम पोटीस बांधत होतो. "अवं, दवाखान्यात न्या की. अंगात लई हीव भरलंय." "पू धरू दे आधी. कच्ची जखम दाखवायची नसती. माझ्या बापानं कितीतरी गळवं अशीच पिकवून काढली." "मग सासऱ्यालाच बोलवा वरून," ती कण्हत हसली. दोन दिवसांनी पू आला, पण तिची शुद्ध गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती संपली होती. "इतके दिवस काय करत होता?" डॉक्टरनं विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, "पिकवत होतो." आज सुनेवर ओरडलो, "या घरात कांदा भाजायचा न्हाई!" "कावून, मामा?" तिनं विचारलं. मी चुलीतला कांदा ओढून उकिरड्यावर फेकला.