सगळ्या चौकोनांचा एकच कान

परवा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण काय, तर इराचा दात हलतोय! सहा वर्षांच्या मुलीचा दात हलणारच. पण मला ते कळलं पाळणाघरातल्या सुलभाकाकूंकडून. "अगं, कधीपासून हलतोय! तुला नाही बोलली?" नवऱ्याला उठवून सांगितलं, तर म्हणाला, "वयात बसतं ते. झोप." त्याला वाटलं, मला दाताची काळजी आहे.

मग पडल्या पडल्या ऑफिसातलं एकेक आठवत राहिलं. किस्से असेच साचतात, सिंकखाली कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. एक ओढायला जावं तर अख्खा गठ्ठा बाहेर! माझे बहुतेक हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातले. तिथे स्टीलचे डबे बनतात, आणि बिलं, डिस्पॅच आणि "मॅडम, जरा कम्प्युटर बघा ना" हे माझं खातं.

*

डिस्पॅचसाठी मी एक्सेलमध्ये एक शीट केली. प्रत्येक ऑर्डरपुढे छोटा चौकोन. माल पॅक झाला की त्यात टिक करायची, मग ओळ हिरवी होते. टिक झाल्यावर काय करायचं ते सांगणारा मॅक्रो प्रत्येक चौकोनाला वेगळा. पहिल्याचा मी लिहिला आणि पुढे कॉपी-पेस्ट करत सुटले. दर वेळी फक्त आकडा बदलायचा. एके ठिकाणी राहिला.

पॅकिंगचे पास्कलकाका उत्तनजवळच्या चौक गावातून येतात. त्यांनी सगळ्यात खालची टिक केली, तर सगळ्यात वरची ओळ हिरवी! चष्मा पुसून परत केली. परत तेच.

"मॅडम, मी दाबतंय हितं न् दिवा लागतंय तिथं. तुमचा वायरमन कोण हाय?"

वायरमन मीच, हे काही तोंडातून निघेना. "व्हायरस असेल," म्हटलं. शांती नगरच्या दुकानाचे डबे मात्र शीटवर हिरवे होऊन गाळ्यातच बसून राहिले.

*

मी चूक शोधत होते आणि शेठ खुर्चीमागे येऊन उभे राहिले. सगळं खाली-वर बघितलं.

"हर चौकोन का अलग प्रोग्राम? शादी में हर मेहमान के पीछे एक-एक वेटर रखते हैं क्या?"

लागलं मला ते. पण मग इंटरनेटवर बसून शोधलं आणि सगळे मॅक्रो पुसून एकच लिहिला. आता टिक कुठेही होवो, ऐकणारा कान एकच. हाक कोणाची आली ते तो आधी बघतो आणि त्याच्यापुरतं काम करतो. इतका सुंदर चालला की मी शेठना मुद्दाम बोलावून दाखवलं.

"अच्छा," ते म्हणाले, "बाकी वेटर को निकाल दिया ना?" आणि चहा सांगायला निघून गेले.

*

घरीही साधारण तेव्हाच मी हीच सोय करून घेतली. एका हातात कढईतला झारा, ओट्यावर उघडा लॅपटॉप, आणि इराच्या सगळ्या हाकांना एकच उत्तर: "अरे वा, छान!" चित्र काढलं, छान. मैत्रिणीने पेन्सिल मोडली, तेही छान.

एका संध्याकाळी हॉलमधून आवाज आला, "आई, मी कात्री गिळली."

"अरे वा, छान!"

थोड्या वेळाने, "कुकरची शिट्टी पण गिळली."

"छान गं!"

भात लावायला घेतला आणि शिट्टी सापडेना, तेव्हा धावत गेले. शिट्टी तिच्या फ्रॉकच्या खिशात होती. ती हसली नाही, पळाली नाही. "मी बघत होते," एवढंच म्हणाली.

ऑफिसातला तो कोड निदान हाक कोणाची आहे ते तरी बघतो!

*

एका दुपारी पास्कलकाका टिका करतायत, टिका उमटतायत आणि ओळी ढिम्म. एरर नाही, काही नाही. सकाळी भलत्याच कामात एक एरर आली होती आणि मी घाईत 'एन्ड' दाबलं होतं. त्याने एक्सेलची सगळी आठवणच पुसली जाते. चौकोन जागेवर, टिका जागेवर, ऐकणारा तेवढा गायब. आणि तो गेलाय हे सांगतही नाही कोणाला.

"आमचे म्हातारीसारखं झालं हे," काका म्हणाले. "कानातलं मशीन काढून ठेवते, न् आपलं बोलणं चालू असलं की नुसती मान हलवते!"

मग मी वर एक मोठं बटन लावलं, 'परत ऐका'. ते दाबलं की कान पुन्हा जागेवर. आता काका येता-जाता ते दाबतात.

"काका, बंद नाही पडलंय ते."

"असूं दे. बंद पडल्यावर कुठं कळतंय?"

सगळे हसले. काका गेल्यावर मीही एकदा ते दाबलं.

*

शेठना घाई फार. म्हणून त्यांच्यासाठी 'सगळे' असा एक चौकोन ठेवला. तो टिक केला की सगळे टिक! त्यांनी उत्साहाने स्वतःच दाबला. पण तेव्हा मी प्रत्येक टिकेला पत्त्याची एक चिठ्ठी छापायचीही सोय केली होती. प्रिंटर जो सुटला! जुन्या ऑर्डरी, रद्द ऑर्डरी, सगळ्यांच्या चिठ्ठ्या.

"रोको! अरे, रोको!" शेठ प्रिंटरला दोन्ही हातांनी धरून उभे. पास्कलकाकांनी शांतपणे प्लग ओढला.

मग मी कोडमध्ये 'गप्प' नावाचा एक खटका टाकला. तो चालू असेपर्यंत कानाने कोणाचं काही ऐकायचं नाही. काम झालं की बंद करायचा. अर्थात, विसरले. दुसऱ्या दिवशी निम्मा माल चिठ्ठीविना गेला आणि पत्ते विचारणारे फोन मी जेवण सोडून घेत बसले.

*

या रविवारी मात्र लॅपटॉप कपाटात ठेवला. फोन नवऱ्याकडे दिला. इरा जमिनीवर बसून जुन्या लग्नपत्रिकेतले गणपती कापत होती. मी समोर मांडी घालून बसले. बरंच काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एवढंच आलं, "इरा, यापुढे काहीही झालं ना, तर आधी मला सांगायचं. मी सगळं ऐकणार. नीट, शेवटपर्यंत."

तिने कात्री खाली ठेवली. मग सुलभाकाकू ठेवतात तसा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू दमतेस ना, आई," ती म्हणाली. "मी काकूंना सांगून ठेवत जाईन. त्या तुला थोडक्यात सांगतील."