दुर्बिणीवरच्या दोन खुणा

माझ्या थोरल्या जाऊबाई सकाळचा चहा पिण्याआधी दुर्बीण डोळ्यांना लावत. आमचं गाव कशेळ्याजवळ. ओढ्यापलीकडे टेकडीखाली त्यांच्या सुमनचं सासर दिसे. लेकीच्या घरी सारखं जाणं बरं दिसत नसे, म्हणून मायलेकींनी ठरवलं होतं. ठीक असलं की सुमनने दोरीवर तांबडं लुगडं टाकायचं, बोलवायचं असलं की पांढरं. एकदा बघून जाऊबाईंचं भागत नसे. तव्यावर भाकरी टाकून त्या पुन्हा अंगणात.

दुर्बीण भावोजींनी बोटीवरच्या नोकरीतून आणलेली. जाऊबाई आधी दोन्ही नळ्या वाकवून डोळ्यांच्या अंतराला जुळवत. मग उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवत, डावा मिटून उजव्या भिंगाची कडी. कडीवर त्यांनी सुईने खूण ओरखडली होती. मला पहिल्यांदा त्यांनी दुर्बीण दिली तेव्हा कपाळ दुखलं, तरी मी भिडेपोटी म्हटलं, "दिसतं."

"डोळं ताणतेस कशाला गं शेवंते? दुर्बिणीनं आपल्याला जुळायचं, आपुन तिला नाय." त्यांनी माझ्या नजरेला कडी बसवली आणि दुसरी खूण केली. "ही तुझी."

मी पदराने भिंग पुसायला गेले की त्या हात धरत. "आदी फुंकर मार. धुळीसकट घासलंस तर काच जाईल." पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरू नये म्हणून दुर्बीण चुलीवरच्या फळीवर असे.

पुढे त्यांना खूण पुरेना. कडी पुढे सरकत गेली, ओरखडे वाढले. "कडी ढिली झाली गं," म्हणायच्या. सुमनला तेव्हा सातवा महिना होता.

एका सकाळी त्या म्हणाल्या, "तांबडंच हाय." आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा बघितलं. बसवेना. शेवटी दुर्बीण माझ्या हातात दिली. "तू बघ."

त्यांच्या कडीवर सगळं धूसर, कौलांचा नुसता तांबडा पट्टा. मी कडी माझ्या खुणेवर आणली.

"जाऊबाई, पांढरं हाय."

भावोजींनी लगेच बैलगाडी जुंपली. सुमन तापाने फणफणली होती. कर्जतच्या दवाखान्यात नेलं, ती वाचली आणि पोटातलं बाळही.

परतताना जाऊबाई गाडीत हळूच म्हणाल्या, "मला कवाधरनं कौलंच दिसत व्हती. तांबडंच असावं म्हनून मी तांबडंच म्हनायची." दुसऱ्या दिवसापासून दुर्बीण माझ्याकडे आली. त्या शेजारी बसून पदराचं टोक पिळत विचारत, "कुठलं गं?"

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुमन माहेरी आली की कडी आईच्या शेवटच्या ओरखड्यावर नेऊन बघते. "काकी, आईला हे असं दिसायचं?"

मी मान हलवते. ती सासरी परतली की कडी माझ्या खुणेवर आणते. उद्या सकाळी बघायचं असतं.