फोटोपुरती रास

आमच्या गावात गोरा माणूस एकदाच आला, आणि तोही माझ्या मावशीचा फोटो काढायला. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. गाव सोनाळ्याच्या बाजूचं. समोर उघडाबोडका सातपुडा आणि विहिरींचे तळ कोरडे ठणठणीत. मावशी विधवा, पोटचं मूल नाही. मला तिनंच वाढवलं. दिवसभर ती दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रेशनवर मिळालीच तर लाल मिलोची भाकरी खायची. ही मिलो म्हणजे परदेशातून येणारी जाडीभरडी ज्वारी. गोऱ्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, घरात धान्य किती? मावशीनं त्याला रिकामी कणगी दाखवली.

तो फोटो त्याच्या देशातल्या पेपरात छापून आला. लोक उपाशी आहेत आणि सरकार ते झाकून ठेवतंय, असं खाली लिहिलेलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मी तेव्हा पक्षाच्या गावशाखेचा चिटणीस होतो. महाराष्ट्र झाला तेव्हापासून, म्हणजे शाळेत असल्यापासून, पक्षाच्या सभांना सतरंज्या टाकत आलेलो. पक्ष म्हणजे मला घरातल्या कर्त्या माणसासारखा वाटायचा. फोटोची बातमी आली तेव्हा मला चक्क आनंद झाला. चारचौघांत बोल लागला की कर्त्या माणसाला लाज वाटते आणि तो हातपाय हलवतो, एवढीच माझी अक्कल. आता धान्य येणार, असं मी मावशीला सांगूनही टाकलं.

जळगाव जामोदला निषेधसभा झाली. तालुकाध्यक्ष घसा बसेपर्यंत बोलले. देशाची बदनामी, गोऱ्यांचा कावा, घरभेदी लोक, सगळं झालं. उपाशी माणसांबद्दल मात्र शब्द नाही. शेवटी ‘परकीयांचं आम्हांला काही नको’ अशी घोषणा झाली. आम्ही ती त्याच मिलोच्या भाकरी खाऊन दिली.

आणि धान्य खरंच आलं! एक दिवस मावशीच्या दारात ट्रक उभा राहिला. नांदुऱ्याच्या कुठल्याशा अडत्याच्या गोदामातली पांढरी ज्वारी. पोती अंगणात रिकामी झाली, कमरेइतकी रास पडली. सोबत हमाल, अध्यक्ष आणि फोटोवाला.

“मावशीले चांगलं लुगडं नेसून राशीपाशी उभी कर,” अध्यक्ष मला म्हणाले.

“भाऊ, ज्वारी तिलेच राह्यते ना?”

“हाव बे. पक्षावर भरोसा नाही काय तुहा?”

भरोसा होता. मावशीचा माझ्यावर होता, माझा त्यांच्यावर.

आमच्याकडे रास पुजल्याशिवाय कोणी तिला हात लावत नाही, आणि पुजल्यावर पहिलं सूप दारी आलेल्याला देतात. त्याशिवाय धान्य घरात जात नाही. फोटोवाला घाई करत होता, पण मावशीनं त्याला आधी जोडे काढायला लावले. अध्यक्षांनाही काढायला लावले. मग तिनं राशीभोवती राखेची रेघ ओढली, हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. शेजारची पिंजाऱ्याची म्हातारी कुडापाशी उभी होती. मावशीनं तिला हाक मारली आणि सूपभर ज्वारी तिच्या पदरात ओतली. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो घेतला. अध्यक्ष टाळ्या वाजवायचेच बाकी होते.

मग ते हमालांना म्हणाले, “भरा पोती.”

मावशीला कळेचना. “पुजलेली रास उचलत नाहीत, भाऊ,” ती म्हणाली.

“फोटोपुरतीच होती, बाई.”

मी आडवा गेलो. अध्यक्षांनी मला बाजूला ओढलं. “बाहेरच्यानं इज्जत काढली, आपण झाकली. तुह्यं काय गेलं त्याच्यात?” पोती मोजताना एक पोतं सूपभर उणं भरलं. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हमालाला खूण केली. हमालानं खाली मान घालून म्हातारीचा पदर पोत्यात झाडून घेतला. मला त्या क्षणी अध्यक्षांचा गळा धरावासा वाटला. चौघांनी मला धरलं म्हणून राहिलं.

मावशी आणि ती म्हातारी अंगणातल्या मातीतून दाणे वेचत बसल्या. जे निघालं ते दोघींनी वाटून घेतलं.

पक्षानं त्या फोटोची भित्तिपत्रकं छापली. खाली मोठ्या अक्षरांत, इथली गरीब बाईसुद्धा दानधर्म करते. गावात चिकटवायला म्हणून गठ्ठा माझ्याच घरी आला. मी तो चुलीत घातला आणि पक्षाचा बिल्लाही त्यातच टाकला. मावशी भाकरी थापत होती. म्हणाली, “त्या गोऱ्यानं काही देल्लं नाही रे. पण नेलंही नाही.”

पुढच्या साली पाऊस बरा झाला. मावशीच्या वावरात ज्वारी आली, खळ्यावर तिच्या स्वतःच्या घामाची रास पडली. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन गेलो. मावशीनं घाईघाईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि रस्त्याकडे पाहत राशीवर पोतं पसरलं.

“पुजू नको बाबू,” ती म्हणाली. “पुजलं की उचलून नेतात.”