लाल साराची वाटी

परळच्या चाळीत सुभद्राकाकीने उभी हयात खानावळ चालवली. गिरण्या गेल्या, जेवणारे गाववाले पांगले, तरी काकीचा हात आखडला नाही. सार उकळलं की पहिली वाटी समोरच्या एकट्या रमाबाईकडे. दोघींच्या हृदयाची झडप बदललेली, दोघींना रक्त पातळ ठेवायची गोळी. सांजेला गोळी गिळली की एकमेकींची कडी वाजवायची.

गणपतीआधी भाची प्राची गोजी बेरीचं पाकीट घेऊन आली. सुकी, तांबडी फळं. "मावशी, डोळ्यांना चांगली. जीवनसत्त्वं भरपूर, अशक्तपणा जातो."

काकीने एक चावलं. "शीऽ! धड गोड नाय, धड आंबट नाय. हेचा सारच करूक होया."

आमसुलांसारखी भिजवली, कुस्करली, जिऱ्याची फोडणी दिली. मग रोज मूठभर.

काही दिवसांनी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर जांभळे डाग उठले. "खाटयेर खंयतरी आपटलंय," काकी म्हणाली. आणि एका सकाळी नाकातून लागलेली धार थांबेचना. सून मनवाने टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं.

"आजी, दुसरं काही औषध? काढा, चूर्ण?" डॉक्टरणीने विचारलं.

"काय्येक नाय गो बाय."

खोटं बोलत नव्हती. चुलीवर शिजलं ते जेवण. त्याला औषध कोण म्हणतं?

मनवाच घाबरत म्हणाली, "आई, ता गोजी बेरीचा लाल सार?"

ऐकून डॉक्टरीण थबकली. "गोजी बेरी? एरवी खायला हरकत नाही. पण या गोळीसोबत रक्त फाजील पातळ होऊ शकतं. आजपासून बंद. हात पुढे करा, रक्त तपासायचंय."

काकीने हात मागे ओढला. नाकात कापूस तसाच. "मनवा, रमाबायक फोन लाव! रोज वाटी दिलंय तिका!"

फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. परत लावला. काकीचा पदर लाल झाला होता, तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिसऱ्यांदा आवाज आला.

"सुभद्रा? बरी असस मां गो?"

"माझा जळो! तू ता सार पितंस?"

रमाबाई चाचरली, "रागावू नको हां. पयल्या दिवशी चाखलंय. मगे रोज मोरीत ओतलंय. तुका वायट वाटात म्हणान बोलाक नाय."

एरवी तिच्या हातचं कुणी मोरीत ओतलं असतं, तर काकीने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

"बरा केलंस गो, रांडे," ती म्हणाली, आणि डॉक्टरणीपुढे हात धरला.