उकळेमामांचं सोवळं

प्रिय ईशान आणि सई,

तुम्ही पाठवलेला खोका पोहोचला. बोटाला लावायचं यंत्र, रक्तदाब मोजायचं यंत्र, तऱ्हेतऱ्हेच्या पट्ट्या आणि विजेवर तापणारी एक गादी. सगळं कपाटात लावलं, यादी केली. गादी तेवढी परत बांधून ठेवली आहे. तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, ती का नाही वापरत?" फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे पत्र. यात उकळेमामा येतील. तुमच्या बाबाने त्यांना पाहिलं आहे, तुम्ही नाही.

आमच्या पूर्णा गावात ज्याच्या त्याच्या घरी शिरताना हा माणूस नमस्कार करायच्या आधी विचारायचा, "उकळलं का?" पाणी, चिमटा, कात्री, गॉज, जे असेल ते. रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली होती. निवृत्तीनंतर ते सायकलवर घरोघर फिरून जखमा बांधत. आडनाव वेगळंच होतं, पण गावाने उकळे करून टाकलं. पुढे त्यांना पत्रंसुद्धा त्याच नावाने येत.

मामा आमच्या घरी आले ते माझ्यामुळे. अभिमानाने सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मी इंग्रजी शिकलेली सून. घरी शुश्रूषा कशी करावी, यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं. त्याच्या बरहुकूम मी औषधपाण्याचं कपाट लावलं होतं. प्रत्येक वस्तूवर इंग्रजी चिठ्ठी, मांडणी इंग्रजी वर्णानुक्रमाने. त्यामुळे गरजेच्या वेळी कोणतीही वस्तू माझ्याशिवाय कोणालाही सापडत नसे. या कपाटातली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे हैदराबादहून मागवलेली लाल रबरी पिशवी, शेकायची. सासूबाईंना मधुमेह होता, पाय सतत गार पडत. एका संध्याकाळी मी पिशवी भरून त्यांच्या टाचेखाली ठेवली. पुस्तकात लिहिलं होतं, पिशवीला फडकं गुंडाळा. पण सासूबाई म्हणाल्या, "लागतच नाही गं मला. काढ ते फडकं. अजून गरम कर."

मी केलं. लागत नव्हतं, कारण त्या पायाला काही कळतच नव्हतं. मधुमेहात तसं होतं, हे पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं. सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड, आठवड्यात जखम. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जखम वर सरकली तर पाय काढावा लागेल. रोज नीट ड्रेसिंग हवं. उकळेमामांना बोलवा."

मामांनी पहिल्या दिवशी माझ्या कपाटाची तपासणी केली. एकेक बाटली हुंगून पाहिली. "बाई, हे जखमेला हाय का फरशीला?" दहा बाटल्या बाजूला गेल्या. उरलं काय, तर गॉज, पट्टी, मीठ आणि पातेलं. कापूस जखमेवर थेट ठेवायचा नाही, हा त्यांचा कायदा होता. "चिकटतो. मग सोडताना पेशंट तुमची अन् माझी, दोघांची बी आई काढतो." पट्टी बांधली की खाली आपलं बोट घालून बघत. बोट जात नसेल तर पुन्हा सोडून बांधत.

आता सासूबाईंची अडचण. मामा कोणत्या वस्तीतले, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ओसरीवरच पाय पुढे केला आणि विचारलं, "हात लावलाच पाहिजे का रे?"

"न्हाई लावत, आईसाब. चिमट्यानं करतो."

मामांनी उकळलेलं ताट पाटावर मांडलं. "हे काय आहे?" म्हणून सासूबाईंनी बोट पुढे केलं, तसं मामांनी ताट झटकन मागे ओढलं.

"शिवू नका! माझं सोवळं मोडतंय!"

उभ्या जन्मात 'शिवू नका' हे सासूबाईंनी फक्त म्हटलं होतं, ऐकलं नव्हतं. त्यांनी बोट मागे घेतलं. मामांनी पुन्हा हात धुतले, जखम धुतली, बांधली. गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माणूस उद्धट आहे." मग जरा वेळाने, "पण सोवळं कडक आहे हो त्याचं."

मामांना चहा मिळे. त्याचा कप वेगळा होता, कान तुटलेला, खिडकीच्या बाहेरच्या फळीवर ठेवलेला. हे मी लपवणार नाही. मी शिकलेली होते आणि चहा त्याच कपात ओतत होते. मामा रोज पातेल्यातलं उरलेलं उकळतं पाणी आधी त्या कपात फिरवून टाकत आणि मला शांतपणे सांगत, "न्हाई, तुमच्या घरचं भांडं हाय. उकळून घेतलेलं बरं."

जखम भरत आली होती. तेवढ्यात अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला आणि विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. ज्यांनी विद्यापीठाचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं, त्यांना त्याच्या नावाची काळजी लागली. त्या काळजीपोटी खेड्यापाड्यांत दलितांच्या वस्त्या पेटल्या. एसटी बंद झाली आणि मामा यायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तो आला नाही." तिसऱ्या दिवशी त्या सकाळपासून ओसरीवर पाय पुढे करून बसल्या. शेवटी मीच पातेलं चढवलं. पुस्तक मिटून ठेवलं आणि मामांचा हात आठवून सगळं केलं. टाचेची कड लालसर दिसत होती. ती बरी व्हायची लाली की चिघळायची, मला कळेना. मी चार दिवस बांधत राहिले, प्रत्येक पट्टीखाली बोट घालून पाहत राहिले.

सातव्या दिवशी सायकल वाजली. मामांची दाढी वाढली होती. त्यांनी पट्टी सोडली, बराच वेळ टाच पाहिली.

"बाई, उकळलं व्हतं का?"

"हो. रोज वीस मिनिटं."

"मग ऱ्हायला पाय."

सासूबाईंनी विचारलं, "होतास कुठं इतके दिवस?"

"लेकीकडं गेलतो, आईसाब. तिचं घर जळालं."

"कसं रे?"

"जाळल्यावर जळतंय."

मामांनी चिमटा ताटात ठेवला. मग सासूबाईंनी विचारलं, "आणि लेक?"

"हात भाजलाय. कोपरापस्तोर. तिला घेऊन आलोय."

सासूबाई आपल्या टाचेकडे पाहत होत्या. मग माझ्यावर खेकसल्या, "बघत काय उभी राहिलीस? तुझं ते कपाट उघड!"

मी उघडलं आणि गडबडीत, वर्णानुक्रमानेच, सगळं पिशवीत भरत गेले. मामांनी पिशवी ओसरीवर रिकामी केली. गॉज घेतलं, पट्ट्या घेतल्या, मलमाची एक नळी वास घेऊन ठेवून घेतली. शेकायची लाल पिशवी उचलून माझ्या हातात परत दिली.

"ही ऱ्हाऊ द्या, बाई. भाजायला आमच्याकडं माणसं हायेत."

चहा झाला. फळीवरच्या कपातच झाला. मामांनी तो उकळत्या पाण्याने विसळला, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं मामा गावात जखमा बांधत फिरले. त्यांच्या लेकीचा हात बरा झाला, दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचे दोन्ही पाय शाबूत होते. तो कप मी कधी आत आणला नाही. मामा थकले, त्यांचं येणं थांबलं, तेव्हा फळी झाडताना तो आपोआप आत आला. आत घ्यायला मला अकरा वर्षं मिळाली होती.

मामांचा चिमटा त्यांच्या लेकीने मला आणून दिला. तो तुम्ही पाठवलेल्या सामानाशेजारीच ठेवला आहे, चिठ्ठी न लावता. कान तुटलेला कपही आहे.