पानावरचा पंजा

पहाटे साडेचारला मीटरचा दिवस सुरू व्हायचा. काम सुटून सहा वर्षं झाली होती, पण ते साडेचारला कोणी कळवलं नव्हतं. उठायचं, चहा करायचा, दोन्ही गुडघ्यांना तेल चोळायचं आणि आठ वाजायची वाट बघायची. आठला त्याची मुलगी कारखान्यात जाताना चार वर्षांच्या नातीला त्याच्याकडे सोडायची आणि दोनला घेऊन जायची.

चाळीस वर्षं त्याने फरश्या बसवल्या. मजुरी चौरस फुटावर, म्हणून बोलणं मोजून, हसणंही मोजून. सोबतच्या गड्यांनी नाव ठेवलं 'मीटर', ते कायमचं चिकटलं. कामात मात्र खोट नाही. त्याच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. शाळा चौथीपर्यंत, पण वाचायला यायचं आणि ते जगाला कळलंच पाहिजे. रस्त्याने जाताना 'येथे वाहने लावू नयेत' अशा थाटात वाचायचा, जणू नियम त्यानेच केलाय.

नातीला गोष्टीची पुस्तकं हवीत असं मुलगी म्हणाली, तेव्हा हा स्वतः दुकानात गेला. दुकानदाराने चित्रांची पुस्तकं मांडली. मीटरने एक उघडलं. पानावर चार शब्द, बाकी सगळं आभाळ.

"उरलेलं काम कुठंय?"

"लहान मुलांचं पुस्तक आहे, काका."

"लहान मुलांच्या खोलीत फरशी अर्धीच बसवतात का?"

शेवटी ज्यात सगळ्यांत जास्त अक्षरं होती ते उचललं. यंत्रांची माहिती, विटेएवढी जाडी. नातीलाही ते आवडलं. त्यावर बसून ती बूट घालायची.

मग मुलीने एक पातळ पुस्तक आणलं. एक म्हातारी बाजारात जाते, पिशवी भरते, घरी येते. बारा पानं, पानाला वर एक ओळ, खाली चित्र. मीटरने ते दीड मिनिटात हातावेगळं केलं.

"झालं. दुसरं आण."

"पुन्हा हेच, आबा."

"अगं, आत्ताच संपवलं ना! बसवलेली फरशी उखडून कोणी परत बसवतं का?"

त्याची वाचायची पद्धत ठरलेली. पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि डावा पंजा पानाच्या खालच्या भागावर दाबून धरायचा, ओल्या मसाल्यावर फरशी दाबतात तसा. उजव्या हाताचं बोट ओळीखाली. पंजा म्हणजे जेवायची ताटली. नात ओरडायची, "आबा, हात काढ!" तो आणखी दाबायचा. हात काढला की काम हलतं, हे त्याला पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. नात रडायची आणि पुस्तक घेऊन समोरच्या दारातल्या नर्सबाईंकडे पळायची. तिथून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. सगळ्यांत जास्त हसू कशाला, तर 'म्हातारी घरी आली' या ओळीला. त्यात हसण्यासारखं काय आहे, मीटरला कळेना. आपली नक्कल चाललीय, असं तो धरून चालला.

गुरुवारी मुलगी म्हणाली, "बाबा, ती रोज रडते. सोमवारपासून पाळणाघरात घालते. तुमचाही जीव सुटेल."

"माझा जीव कुठं अडकलाय? एक अक्षर गाळत नाही मी."

"तेच तर!"

मुलगी गेली. आठ ते दोन रिकामे झाले तर साडेचारला उठून करायचं काय? त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. शुक्रवारी सकाळी त्याने नर्सबाईंना दारात गाठलं.

"तुम्ही कसं वाचून दाखवता?"

"मी कुठं? तीच मला दाखवते."

"तिला वाचता येत नाही."

"तुम्हाला बघता येत नाही," नर्सबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

आठला नात आली. मीटरने पुस्तक मांडीवर घेतलं, पंजा ठेवला.

"हात काढ!"

"गप. नीट ऐक."

नातीने ऐकलं नाही. वाकली आणि पंजाला कडकडून चावली. दात नवे, बारीक, करवतीसारखे. मीटर बोंबलला, हात उचलला, आणि पानाच्या खाली त्याला बकरी दिसली.

बकरी म्हातारीच्या मागून चालली होती आणि पिशवीतून गाजर ओढत होती. मीटरने पान उलटलं. बकरीच्या तोंडात कोबी. पुढच्या पानावर काकडी. शेवटी 'म्हातारी घरी आली', तर हातात रिकामी पिशवी आणि उंबऱ्यावर पोट टम्म झालेली बकरी. अख्ख्या पुस्तकात बकरीबद्दल एक अक्षर नव्हतं.

मीटर हसला. मोजायचं राहून गेलं.

"ही कधीपासून आहे इथं?"

"पहिल्यापासून! तुझ्या हाताखाली," नात म्हणाली.

त्या सकाळी पुस्तक पाच वेळा झालं. चौथ्या खेपेला मीटरने चित्रकाराची चोरी पकडली. बाजारातल्या फरशीचे सांधे जुळत नव्हते. नातीने नाक पानाला टेकवून बघितलं.

"कामचुकार," ती म्हणाली.

दोनला मुलगी आली, तेव्हा दोघं जमिनीवर पालथी पडून बकरीचे पाय मोजत होती.

"सोमवारी आठलाच आणते," मुलगी म्हणाली. पाळणाघराचं नाव कोणीच काढलं नाही.

रविवारी मीटरने सहा वर्षांनी थापी बाहेर काढली. ओळखीच्या दवाखान्यात न्हाणीघराच्या सात फरश्या निघाल्या होत्या. तरण्या गड्याने दुपारपर्यंत उरकलं असतं. त्याला संध्याकाळ झाली, आणि उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. पण पाणी बरोबर मोरीकडे गेलं. मजुरी घेऊन तो लंगडत दुकानात पोचला.

"जाडजूड काही दाखवू, काका?"

"नको. ते खालचं."

"त्यात एकही शब्द नाही हो. नुसती चित्रं."

मीटरने पुस्तक उघडलं आणि एकेक पान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तपासायला लागला. दुकान बंद करायची वेळ झाली तरी तो सातव्याच पानावर.

"घेताय ना, काका?"

"थांब रे. मुंगी कुठं गेली ते बघू दे," मीटर म्हणाला, आणि मान वर न करता सात फरश्यांची सगळी मजुरी दुकानदारापुढे सरकवली.