प्रभारी फुल-बॅक

फॉर्मवर ‘खेळण्याची जागा’ असा एक रकाना होता. त्यात मी ‘फॉरवर्ड’ लिहिलं. पोरगा फुल-बॅक होता.

मला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. दोन वर्षं रोज दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलावर याच विषयाचा काथ्याकूट चालायचा.

पोरगा म्हणजे आमच्या कचेरीतल्या शिपायाचा थोरला मुलगा. शिपाई दिग्रसजवळच्या एका तांड्यावरचा. आम्ही दोघं वीस वर्षं एकाच खोलीत बसलो. तो दाराशी स्टुलावर, मी खिडकीशी खुर्चीवर. मी बाबू. आमच्या घरात आजोबांपासून सगळे बाबूच. घरात कुणी कधी पळालेलं नाही, डोळ्यांदेखत एस.टी. सुटत असली तरी. तेव्हा फुटबॉलमधलं मला काय कळावं? पण ज्यातलं कळत नाही त्यात मत देण्याची सवय नोकरीनंच लावलेली.

पोरगा गावातल्या कॉलेजात शिकायचा आणि दुपारी बापाबरोबर डबा खायला कचेरीत यायचा. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार मोकळं पडतं. तिथं तो खेळायचा. जमीन टणक, कडेच्या बाभळींना वर्षभराचा कापूस अडकलेला. फुल-बॅक म्हणजे काय ते त्यानंच मला शिकवलं. गोलकीपरच्या पुढे, मैदानाच्या कडेला उभं राहायचं. समोरचा आला की अडवायचं. चेंडू मिळाला की रेषेच्या कडेनं थेट पुढं पळत जायचं, आणि लगेच तेवढंच मागं यायचं.

“म्हणजे हेलपाटेच की रे,” मी म्हणालो.

“हेलपाटेच, काका. पण पाह्यणाऱ्याले मजा येते.”

त्याचा एक देव होता. पोर्तुगालचा फुल-बॅक, त्याच्यासारखाच डाव्या बाजूचा. त्याचं नाव इथं देत नाही, कारण मला ते उच्चारता येत नाही. मी प्रयत्न केला की पोरगा तोंडावर रुमाल धरायचा. मोबाईलवर त्याचे खेळ पाहायचे आणि इंग्रजीत जे लिहून आलेलं असेल ते मी वाचून सांगायचं, असा आमचा करार. आणि मी सांगायचो ते माझ्या भाषेत.

हा पोर्तुगीज पोरवयात पुढं खेळायचा, गोल करणाऱ्यांत. मोठ्या क्लबनं त्याला घेतलं आणि पूर्ण एक हंगाम बाकावर बसवून ठेवलं. मी म्हणालो, पदस्थापनेच्या प्रतीक्षेत. मग त्याला एका वर्षासाठी खालच्या दर्जाच्या क्लबला देऊन टाकलं. मी म्हणालो, प्रतिनियुक्ती. तिथला डावा बॅक जखमी झाला आणि दुसरं कुणी नाही म्हणून याला मागं उभं केलं.

“हा अतिरिक्त प्रभार,” मी म्हणालो. “मूळ माणूस परत आला नाही, की प्रभारी कायम होतो.”

शिपाई दारातून म्हणाला, “आपल्या इथल्यावानीच चाललं म्हना तिकडं.”

“सगळीकडे हेच रे.”

हे मी गमतीनं म्हणत होतो. पुढं मीच ते खरं मानून बसलो.

पोरगा चांगला होता हे मला कळायला वेळ लागला. एकदा बापानं ओढून जिनिंगच्या आवारात नेलं. आर्णीहून आलेला एक दांडगा गडी चेंडू घेऊन सुसाट येत होता. आमचा पोरगा त्याच्या अंगावर गेलाच नाही. तो फक्त त्याच्या बाजूनं मागं मागं सरकत राहिला, एखाद्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला निघाल्यासारखा, आणि कडेच्या रेषेशी आल्यावर हळूच चेंडू काढून घेतला. त्या गड्याला चार पावलं तसाच पळाल्यावर कळलं. मी टाळ्या वाजवल्या. माझ्याखेरीज कुणीच वाजवल्या नाहीत. अडवणाऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, असं बाप म्हणाला.

मग नागपूरला बाहेरच्या एका क्लबची निवड-चाचणी लागली. त्या वयोगटात पोराचं ते शेवटचं वर्ष. निवड झाली तर राहणं, जेवण, शिकवणं सगळं त्यांचं. नाही झाली तर पुढं तसं दार नव्हतं. फॉर्म घेऊन बापलेक माझ्या टेबलाशी आले. आमच्या कचेरीत तांड्यावरचा कुठलाही कागद माझ्याच हातानं भरला जायचा, आणि मला त्याचा अभिमान होता.

रकान्यापाशी मी पेन थांबवलं आणि विचार केला. विचार केला नसता तर फार बरं झालं असतं.

आमच्या घरात नोकरीचा एकच मंत्र: मिळेल त्या जागेवर रुजू व्हा, बदली मागाहून होते. वडील असेच कुठंतरी जंगलात रुजू झाले आणि तीन वर्षांत घरी आले. मी उमरखेडला लागलो आणि दिग्रसला आलो. डाव्या बॅकच्या जागा असून असून किती? एक, फार तर दोन. पुढच्या जागा जास्त. आधी आत शिरू दे. पोर्तुगालवालाही आधी पुढंच होता ना?

“काका, मी तं मागं खेलतो,” पोरगा म्हणाला.

“मला ठाऊक आहे. तुझा तो कुठं रुजू झाला होता?”

“पुढं.”

“मग?”

बाप म्हणाला, “बाबूनं लिवलं तं बरोबरच असन. तू काहून मधात बोलून राह्यला?”

नागपूरला मीही गेलो. रजा टाकून. बसमध्ये त्याला बजावलं, “विचारलं तर फॉर्मवर आहे तेच सांगायचं. कागद एक बोलतो आणि तू दुसरं, असं झालं की अर्ज बाद.” मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो होतो आणि तोवर कुणाचं वाईट झालं नव्हतं.

मैदानावर प्रत्येकाला वीस मिनिटं होती. त्याला पिवळी बनियन देऊन पुढं उभं केलं. चेंडू पाठीमागून यायचा आणि त्याला तो सापडायचा नाही. समोरच्यांच्या गोलाकडे पाठ करून उभं राहणं त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. लग्नात चुकीच्या पंगतीला बसवलेल्या माणसासारखा तो इकडंतिकडं पाहत होता. मधेच पाय आपोआप मागं वळायचे. दोनदा त्यानं थेट आपल्या गोलाजवळ जाऊन समोरच्याचा चेंडू काढून घेतला, जिनिंगच्या आवारात काढायचा तसाच. दोन्ही वेळा शिट्टीवाल्यानं ओरडून त्याला पुढं पाठवलं.

दुसऱ्या वेळी मात्र तो माणूस जवळ आला. चांगला माणूस होता. म्हणाला, “बेटा, तू पीछे खेलता है क्या?”

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी जाळीबाहेर उभा होतो. आजही झोपायला पाठ टेकली की ती नजर समोर येते. त्याला फक्त होकार हवा होता. मी मान हलवली. आडवी.

“नहीं सर. फॉरवर्ड.”

शिट्टीवाल्यानं हातातल्या कागदावर पाहिलं. कागदावर तेच होतं. तो निघून गेला.

यादीत नाव नव्हतं. पोरगा बूट सोडत बसला आणि मी बाहेरच्या टपरीवर चहा घेतला. तो शिट्टीवाला तिथंच उभा होता, सोबत्याला सांगत होता, “सब मिल गये, एक लेफ्ट बॅक नहीं मिला ढंग का.”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कप ठेवून मी तिथल्या तिथं बोलायला हवं होतं, की साहेब, मिळाला होता, मीच खोटं लिहिलं. पण अर्जात खाडाखोड कशी करायची, त्यांना काय वाटेल, असलं काहीबाही मनात घोळवत मी चहा संपवला. तोवर ते गाडीत बसले. गाडी फाटकापर्यंत हळूहळू जात होती. धावलो असतो तर गाठता आली असती. आमच्या घरात कुणी पळत नाही.

परतीच्या बसमध्ये यवतमाळपर्यंत तो बुटांना लागलेली माती नखानं काढत राहिला. मग म्हणाला, “काका, त्यायनं मले पाह्यलंच नाई.”

त्याला मी दोष देत नव्हतो, आणि तोही मला देत नव्हता. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिग्रसच्या स्टँडवर बाप उभा होता. त्यानं पोराच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि मला म्हणाला, “तुमाले लय तरास झाला, बाबू.”

पोरगा आता पुण्यात एका गोदामात खोकी चढवतो. खेळणं सुटलं. पोर्तुगीजाबद्दल मी त्याच्या एकविसाव्या वर्षापुढं वाचलं नाही. तो प्रभारीचा कायम झाला, इतकं माहीत आहे. पुढं काय झालं ते पोराबरोबर वाचायचं ठरलं होतं.

यंदा होळीला शिपायानं तांड्यावर बोलावलं. तो आता निवृत्त झालाय. पोरगा सुट्टीवर आला होता, अंगानं भरलेला, चालताना डावा पाय किंचित आत घेणारा. त्यानं मला खुर्ची दिली, काका म्हणाला, तब्येत विचारली. बाहेर बायका गाणं म्हणत फेर धरत होत्या. त्याची धाकटी बहीण बारावी झालेली. ओसरीवर मोबाईल घेऊन नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होती आणि एका रकान्यापाशी अडली होती. पहिली पसंती कुठली लिहायची, म्हणून आईला विचारत होती.

माझा हात खिशातल्या चष्म्याकडे आपोआप गेला. “आण इकडं,” मी म्हणालो. “यात एक गंमत असते. आधी जिथं जागा जास्त...”

पोरगा जमिनीकडे पाहू लागला. शिपाई चिलमीत काहीतरी शोधत होता. मुलीच्या आईनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला आणि मोबाईल उचलून मुलीच्या मांडीवर परत ठेवला.

“तुमी चहा घ्या, बाबू,” ती म्हणाली. “एक लेकरू गोदामात धाडलं तुमी, आता हिच्या फारमाले हात लावू नका.”